गुडघ्याची नस जाळून दुखणं थांबवतात ते कसं, आणि माय-बापाला न्यायच्या आधी काय बघायचं

"नस जाळल्यावर पाय लुळा पडत नाही का?" गावात ज्याला ज्याला सांगितलं त्यानं पहिला हाच प्रश्न केला, माझ्याही मनात आधी तेच आलं होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. पाय हलवणाऱ्या मोठ्या नसा वेगळ्या असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. गुडघ्याच्या सांध्याभोवती ज्या बारीक नसा असतात, "इथं दुखायलंय" एवढा निरोप वर पोचवणाऱ्या, त्यांना जेनिक्युलर नसा म्हणतात आणि त्यातल्या साधारण तीन नसांवर हे काम करतात, डॉक्टर त्याला रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणतात, म्हणजे रेडिओ लहरींनी सुईचं टोक तापवून नस जाळायची. दोन मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, आतल्या आणि बाहेरच्या अंगाला, आणि तिसरी नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला आतल्या अंगाला. बाहेरच्या अंगाला खाली जी चौथी असते ती बहुतेक डॉक्टर मुद्दाम सोडून देतात, कारण तिच्या जवळूनच पाऊल वर उचलणारी नस जाते.

आमचं गाव गेवराई तालुक्यात. मायचं आयुष्य खुरपणीत आणि कापूस वेचण्यात गेलं, साठी ओलांडल्यावर दोन्ही गुडघे असे धरले की वसरीवरून अंगणात उतरायला तिला भिंत लागायची. आपल्याकडं सगळे करतात तेच आम्हीबी केलं, दुखलं की गावातल्या डॉक्टरकडून कमरेला इंजेक्शन, दोन दिवस बरं, परत तेच. असं वर्षानुवर्षं करू नका, दुखणं दाबणाऱ्या त्या गोळ्या-इंजेक्शनं किडनीवर आणि पोटावर येतात आणि बीपीबी वाढवतात, आम्हाला हे मायचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढल्यावर कळलं. मग हाडाचे डॉक्टर म्हणाले वाट्या घासल्यात, सांधा बदलायला लागंल, आणि हार्टचे डॉक्टर म्हणाले एवढं मोठं ऑपरेशन सध्या नको. या दोघांच्या मधे अडकलेल्या माणसासाठी ही ट्रीटमेंट आहे. ज्याला ऑपरेशन झेपत नाही, ज्याला ते नकोच आहे, किंवा सांधा बदलूनही ज्याचं दुखणं राहिलंय आणि त्याचं दुसरं कारण सापडत नाही, अशांसाठी. हे काम करणारे पेन स्पेशालिस्ट बहुतेक करून भूलतज्ज्ञ असतात ज्यांनी पुढं दुखण्याचं वेगळं शिक्षण घेतलेलं असतं, त्यामुळं छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड जिथं जवळ पडंल तिथं नुसतं "गुडघ्याचा डॉक्टर" असं विचारू नका, पेन क्लिनिक विचारा, आणि सरकारी मेडिकल कॉलेज जवळ असंल तर तिथल्या भूलशास्त्र विभागात पेन ओपीडी आहे का आणि कोणत्या वारी ते आधी विचारून घ्या म्हणजे एसटीचं भाडं फुकट जात नाही.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी डोक्यात पक्की बसवा, यानं वाटी परत येत नाही. घासलेला सांधा घासलेलाच राहतो, वाकडा पाय सरळ होत नाही, फक्त दुखण्याचा निरोप वर जायचा बंद होतो.

जायच्या आधी एक्सरे काढायचा तो उभं राहून काढा, दोन्ही गुडघ्यांचा. आडवं झोपवून काढलेल्या एक्सरेत हाडांमधलं अंतर आहे तेवढं दिसतं, वजन पडल्यावर ते किती दाबलं जातं ते कळत नाही, आमचा पहिला एक्सरे झोपवूनच काढलेला होता आणि तो परत काढावा लागला. डॉक्टर खुब्याचा सांधा आणि कंबरबी तपासतात, कारण कधी कधी मूळ तिथं असतं आणि दुखतं गुडघ्यात, अशा माणसाच्या गुडघ्याच्या नसा जाळून काहीच उपयोग नाही. गुडघा गरम लागतो, सुजतो, सकाळी उठल्यावर तासभर बोटंसुद्धा आखडलेली असतात असं असंल तर तो आमवात असू शकतो, त्याची औषधं वेगळी. आणि चालता चालता गुडघा मधेच अडकतो किंवा निसटल्यासारखा होतो, तर आत गादी किंवा लिगामेंट फाटलेलं असू शकतं, ते आधी बघायचं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असंल तर डॉक्टरला सांगा, पण हार्टच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय आपल्या मनानं ती बंद करू नका. पेसमेकर असंल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, कारण यात करंट वापरतात. शुगर कंट्रोलमधे पाहिजे आणि गुडघ्यावर जखम किंवा फोड असंल तर तो बरा होईपर्यंत थांबतात.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, आणि हे लिहायला बसलो ते याच्यासाठीच. नस जाळायच्या आधी एक टेस्ट करतात, तिला डायग्नोस्टिक ब्लॉक म्हणतात. त्या तीन जागांवर सुईनं प्रत्येकी मिलीभर बधिर करायचं औषध सोडतात, बास. त्याचा असर काही तासच टिकतो. तेवढ्या वेळात दुखणं निम्म्याच्या वर कमी झालं तरच समजायचं की या नसाच निरोप नेत होत्या, मग त्या जाळण्यात अर्थ आहे, आणि काही डॉक्टर तर निम्म्यावर भागवत नाहीत, 80 टक्के फरक मागतात. म्हणजे पुढची सगळी ट्रीटमेंट या काही तासांवर उभी असते आणि हेच तास लोक वाया घालवतात. इंजेक्शन झालं की घरी येऊन चादर ओढून झोपतात, संध्याकाळी विचारलं तर "बरं वाटलं जरा". झोपलेल्या माणसाचा गुडघा तसाही दुखत नाही, मग कळणार काय?

आमच्या डॉक्टरांनी मायला निघताना सांगितलं, "मावशी, आज आराम करायचा नाही, जे केल्यावर दुखतं तेच करायचं." आणि मला म्हणाले वहीत लिहून आण. दहापैकी किती दुखतंय असं मायला विचारलं की ती गोंधळायची, म्हणून मी आण्यात विचारलं, सोळा आण्यांच्या रुपयातलं किती दुखायलंय. सुईच्या आधी दवाखान्याच्या जिन्यावर म्हणली, "चौदा आणे." सुईनंतर अर्ध्या तासानं तोच जिना, "लेका, चारच आणे राहिलंय." मग बसस्टँडपर्यंत हळूहळू चालत नेलं, पाच आणे. घरी आल्यावर पाटावरून उठली, वसरीच्या पायऱ्या तीनदा उतरली-चढली, दर अर्ध्या तासाला मी लिहीत गेलो, आणि अंधार पडल्यावर परत दहा, मग तेरा. असर उतरल्यावर दुखणं परत येतं तेव्हा काळीज तुटतं, पण ते यायलाच पाहिजे, त्यानंच तर खात्री होते. दुष्काळाला पैसेवारी जशी लिहून द्यावी लागते तशी ही वही समजा, नुसत्या बोलण्यावर काही ठरत नाही. ज्यांचे आई-वडील आकड्यात सांगू शकत नाहीत त्यांनी आण्यात विचारून बघा.

टेस्टच्या दिवशी सकाळी दुखण्याची गोळी घ्यायची का नाही ते डॉक्टरला विचारून घ्या, गोळीच्या असरात टेस्ट झाली तर फरक कशानं पडला ते कळत नाही. टेस्टच्या सुईत स्टेरॉइड घालणार आहेत का तेही विचारा, तेव्हाही हाच घोळ होतो, आणि शुगरवाल्याची शुगर काही दिवस वर जाते ते वेगळंच. आणि कुणी म्हणालं टेस्ट नको, डायरेक्ट करून टाकू, तर का नको ते नीट विचारा आणि घाई करू नका. टेस्टमधे फरक पडला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, तुमचे पुढचे पैसे आणि एक खेप वाचली.

जाळायच्या दिवशी पूर्ण भूल देत नाहीत, माणूस बोलता पाहिजे. टेबलावर पाठीवर झोपवतात, गुडघ्याखाली उशी, दुसऱ्या जागी कातडीवर एक पट्टी चिकटवतात ज्यातून करंट परत जातो. सी-आर्म म्हणजे चालू एक्सरेचं मशीन, त्याच्या पडद्यावर किंवा सोनोग्राफीवर बघत जागा बधिर करून सुई हाडापर्यंत नेतात. या सुईचं सगळं अंग झाकलेलं असतं, फक्त टोकाचा साधारण सेंटीमीटरभर भाग उघडा, गरम होतो तो तेवढाच. मग दोन तपासण्या. आधी 50 हर्ट्झचा बारीक करंट सोडतात, माणसाला नेहमीच्या जागी झिणझिण्या किंवा दाब जाणवला की सुई नसेजवळ आहे. मग 2 हर्ट्झचा करंट, यावेळी पायाचा स्नायू उडायला नको, उडला तर सुई हलवणाऱ्या नसेजवळ आहे असं समजून जागा बदलतात. पाय लुळा पडायच्या भीतीचं उत्तर या दुसऱ्या तपासणीत आहे, म्हणून टेबलावर झोपलेल्या माणसानं जे जाणवंल ते खरं खरं सांगायचं, डॉक्टरला बरं वाटावं म्हणून "हो हो" म्हणायचं नाही. मायला हे मी आदल्या रात्री दोनदा समजावून सांगितलं होतं. मग परत बधिर करून रेडिओ लहरींनी टोक तापवतात, साध्या पद्धतीत साधारण 70 ते 80 डिग्री आणि दीड मिनिटाच्या आसपास, एका एका नसेला. तिन्ही मिळून तासाच्या आत काम होतं आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी.

दुसरा प्रकार कूल्ड रेडिओफ्रिक्वेन्सीचा, त्यात सुईच्या आतून पाणी फिरत राहतं म्हणून टोक 60 डिग्रीवर राहतं पण आजूबाजूचा जास्त भाग तापतो, नस जरा इकडंतिकडं असली तरी सापडते. औषधं-उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनं 2017 मधे गुडघ्याच्या झिजेच्या दुखण्यासाठी त्याला मान्यता दिली, पण त्याची सुई महाग पडते. पल्स्ड नावाचा जो तिसरा प्रकार आहे त्यात 42 डिग्रीच्या वर जात नाहीत, म्हणजे नस जाळत नाहीतच. खर्च सांगताना यातलं नेमकं काय करणार, एका गुडघ्याचं का दोन्ही, टेस्टचे पैसे त्यात धरले का वेगळे, हे सगळं आधीच बोलून घ्या. या पद्धतीला जोर आला तो 2011 मधे कोरियातल्या डॉक्टरांनी 38 पेशंटवर खरी आणि खोटी ट्रीटमेंट शेजारी शेजारी करून बघितली तेव्हापासून, तीन महिन्यांनी खरी ट्रीटमेंट घेतलेल्यांना स्पष्ट जास्त आराम होता.

घरी आल्यावर पहिले काही दिवस उलटं जास्तच दुखू शकतं, सूज येते, थोडं निळं पडतं, कातडीचा एखादा तुकडा बधिर राहतो. कपड्यात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटं शेका, लगेच हिशोब करू नका, खरा फरक कळायला दोन-तीन आठवडे जातात. पण ताप आला, गुडघा लाल आणि गरम झाला, सूज वाढतच चालली, किंवा पाऊल वर उचलता येईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, लगेच गाडी करून दवाखाना गाठा.

आराम साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो, कुणाला कमी कुणाला जास्त, कारण नसा हळूहळू परत वाढतात. परत वाढल्या तर परत करता येतं, आणि पुढं कधी सांधा बदलायचा ठरला तर यामुळं तो रस्ता बंद होत नाही. पण हे महिने मांडीची ताकद कमवायचे आहेत. दुखण्याच्या भीतीनं वापरच कमी झालेला असतो, मांडी सुकून जाते, आणि सांध्यावरचा भार उचलणारा स्नायू तोच. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून खाली दाबायचं आणि पाचपर्यंत मोजायचं, मग आडवं पडून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, दिवसातून दोनदा. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, मायनं इतकी वर्षं चुकीच्या हातात धरली होती. वजन एक किलो उतरलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं हलका होतो.

आणि दुखत नाही म्हणून माणूस परत खुरपं घेऊन उकिडवं बसायला निघतो, तेव्हा घरच्यांनीच अडवायचं. माय तिसऱ्या आठवड्यात सोयाबीनच्या रानात जायला निघाली होती, मी तिच्यासाठी लाकडाचं उंच स्टूल करून आणलं, शेंगा निवडायच्या त्या आता वसरीवर बसून. संडासात कमोड बसवून घेतला, तिच्या गुडघ्यासाठी घरात केलेल्या खर्चात तो सगळ्यात कामाचा ठरला. वही अजून चालू आहे, दर रविवारी एक आकडा, मागच्या रविवारी तीन आणे. आकडा सलग काही आठवडे दहाच्या वर जायला लागला की तीच वही घेऊन परत डॉक्टरकडं जायचं असं ठरवलंय, म्हणून कोणत्या तारखेला, कोणत्या गुडघ्याच्या कोणत्या नसा, किती डिग्रीवर किती सेकंद, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागून घ्या आणि वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवून ठेवा.