एचटीबीमध्ये बर्स्ट किती ठेवावा?

लिनक्स राउटरवर एचटीबी (लाइनचा वेग वेगवेगळ्या कामांत वाटून देणारी सोय) लावला, रेट (हक्काचा वेग) आणि सील (कमाल वेग) नीट भरले, सरासरी वेगही हवा तसाच येतो. तरीही अधूनमधून व्हिडिओ कॉल अडखळतो. अशा वेळी बहुतेक जण रेट कमी-जास्त करत बसतात. आधी बर्स्ट तपासा.

एचटीबीतल्या प्रत्येक क्लासकडे, म्हणजे वाहतुकीच्या प्रत्येक गटाकडे, टोकनच्या (डेटा पाठवायच्या परवान्यांच्या) दोन बादल्या असतात. एक रेटच्या गतीने भरते आणि तिच्यात जास्तीत जास्त बर्स्टएवढे टोकन मावतात. दुसरी सीलच्या गतीने भरते, तिची मर्यादा सीबर्स्ट. क्लास शांत असला की दोन्ही भरतात. पहिलीत शिल्लक असेपर्यंत क्लास सीलच्या वेगाने पाठवू शकतो. दुसरीत शिल्लक असेपर्यंत थेट नेटवर्क कार्डाच्या वेगाने. म्हणजे बर्स्ट हा वेग नाही, तो बाइटमधला साठा आहे.

आधी झाड आखा

समजा ऑफिसच्या लाइनचा अपलोड 20 एमबिट (मेगाबिट प्रति सेकंद) आहे. रूट क्लासला (झाडातल्या सर्वांत वरच्या क्लासला) त्याहून थोडं कमी, म्हणजे 18 एमबिट द्या, नाहीतर रांग तुमच्या हातात राहत नाही, मोडेममध्ये लागते. खाली दोन क्लास: रोजच्या कामाला रेट 6, बॅकअपला 12, दोघांचा सील 18. मुलांच्या (खालच्या क्लासच्या) रेटची बेरीज पॅरेंटच्या (वरच्या क्लासच्या) रेटपेक्षा जास्त होऊ देऊ नका. टीसीमध्ये (एचटीबी लावायच्या कमांडमध्ये) एकक लिहिताना ‘एमबिट’च लिहा; तिथे ‘एमबीपीएस’चा अर्थ मेगाबाइट प्रति सेकंद असा होतो आणि सगळा हिशोब आठपट चुकतो.

मग बर्स्टचा हिशोब करा

बर्स्ट किती वेळ टिकेल? बर्स्टचे बिट भागिले सील आणि रेटमधला फरक. रोजच्या कामाला 300 किलोबाइट बर्स्ट दिला, तर 24 लाख बिट भागिले 12 एमबिट, म्हणजे 0.2 सेकंद. तेवढ्या वेळात सुमारे 450 किलोबाइट निघून जातात. मेलला जोडलेला फोटो लगेच जातो, छान वाटतं.

पण त्याच वेळी बॅकअप चालू असेल तर? इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो, म्हणून सावकाश वाचा. ज्या क्लासकडे स्वतःचे टोकन आहेत, त्याला पॅरेंट अडवत नाही. पॅरेंटचं काम फक्त उसनं, म्हणजे शिल्लक वेग, देण्याचं. त्यामुळे त्या 0.2 सेकंदात रोजचं काम 18 ने आणि बॅकअप आपल्या हक्काच्या 12 ने, असे मिळून 30 एमबिट बाहेर पडतात. लाइन 20 ची. जादा 250 किलोबाइट मोडेमच्या रांगेत जातात आणि ती रांग उपसायला 100 मिलिसेकंद लागतात. कॉल अडखळतो तो इथे, आणि सेकंदाच्या सरासरीवर काढलेल्या आलेखात यातलं काहीच दिसत नाही.

बर्स्ट 15 किलोबाइटवर आणला की हाच उशीर 5 मिलिसेकंदांवर येतो. म्हणून किती उशीर चालेल ते आधी ठरवा आणि त्यावरून उलटा हिशोब करून बर्स्ट काढा.

पॅरेंटचा बर्स्ट विसरू नका

तो मुलांपैकी सर्वांत मोठ्या बर्स्टएवढा तरी हवा. सीबर्स्टलाही हाच नियम. मुलाने खर्च केलेले टोकन पॅरेंटच्या खात्यातूनही वजा होतात. पॅरेंट कर्जात गेला की फिटेपर्यंत कोणालाच उसनं मिळत नाही, आणि एचटीबी हे कर्ज एक मिनिटापर्यंतचं लक्षात ठेवतो. मग लाइन रिकामी असूनही बॅकअप 12 वरच अडकलेला दिसतो.

सीबर्स्ट एका पॅकेटच्या आसपास ठेवा. काहीच न लिहिल्यास आजच्या मशीनवर टीसी साधारण 1600 बाइट धरतो, ते बहुतेक घरगुती लाइनना पुरतं.

ऑफलोड तपासा

जीआरओ, जीएसओ आणि टीएसओ या ऑफलोडमुळे (पॅकेट हाताळण्याचं काम हलकं करणाऱ्या सोयींमुळे) कर्नल बरेच पॅकेट जोडून 64 किलोबाइटपर्यंतचा एकच गठ्ठा एचटीबीपुढे ठेवू शकतो. बादलीत थोडे टोकन असले तरी गठ्ठा पूर्ण जातो आणि क्लास कर्जात बुडतो. 6 एमबिटच्या रेटने ते फेडायला जवळपास 85 मिलिसेकंद लागतात. हेच चाललंय अशी शंका आली तर ईथटूलने (नेटवर्क कार्डाच्या सेटिंग बदलायच्या कमांडने) ही तिन्ही ऑफलोड बंद करून पाहा.

चाचणी भरलेल्या लाइनवर घ्या

रिकाम्या लाइनवर क्लास उसनं घेऊन सीलपर्यंत जातोच, त्यामुळे बर्स्टचा परिणाम कळत नाही. म्हणून बॅकअप पूर्ण वेगाने चालू ठेवा, शेजारी बाहेरच्या सर्व्हरला सेकंदाला पाच-दहा वेळा पिंग करा आणि काही सेकंद थांबून रोजच्या कामाच्या क्लासमधून छोटी फाइल पाठवा. त्याच वेळी पिंग उसळला तर बर्स्ट निम्मा करून पुन्हा पाहा. पिंग स्थिर आहे पण छोट्या फाइली रेंगाळतात, असं झालं तर थोडा वाढवा.