ऑटो अपडेट: काय आपोआप होऊ द्यायचं आणि काय स्वतः बसून करायचं

वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डवर डावीकडे ‘अपडेट्स’च्या शेजारी लाल गोलात एक आकडा दिसतो. तो वाढला की काही मालक घाबरून सगळं एका दमात अपडेट करतात, आणि काही जण वर्षभर तिकडे बघतही नाहीत. मी सांगलीत राहते आणि आजूबाजूच्या छोट्या व्यवसायांच्या साइट सांभाळते. त्यांतल्या तीन साइट इथे उदाहरणाला घेते. मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी, त्यांना मी अण्णा म्हणते. मिरजेत तानपुरे आणि सतारी बनवणारं एक घर, तिथले चाचा. आणि तासगाव तालुक्यातलं एक सार्वजनिक वाचनालय. तिघांनीही होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा, स्वतः घेतलंय, त्यामुळे अपडेटची जबाबदारीही त्यांचीच, म्हणजे माझी.

“अगं, चालू साइटला कशाला हात लावतीस?” असं अण्णा नेहमी विचारतात. त्यांना मी २०१७ सालची गोष्ट सांगते. त्या जानेवारीत वर्डप्रेसची ४.७.२ ही आवृत्ती आली. तिच्यात सुरक्षेतलं एक मोठं भोक बुजवलं होतं, पण ते मुद्दाम लगेच जाहीर केलं नव्हतं. ऑटो अपडेट चालू असलेल्या साइटना आधी दुरुस्ती मिळावी म्हणून आठवडाभर थांबून ते १ फेब्रुवारीला जाहीर केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, अपडेट न झालेल्या असंख्य साइटवरचा मजकूर लॉगिन न करता बाहेरच्यांनी बदलून टाकला. दुरुस्ती बाहेर आली की जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून भोक कुठे होतं ते कुणालाही शोधता येतं. मग यंत्रं एकामागून एक साइट तपासत सुटतात. तिथे हळदीचं छोटं दुकान की मोठी कंपनी, हा फरक कुणी करत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ठाम आहे. वर्डप्रेसच्या छोट्या आवृत्त्या आपोआपच होऊ द्या. छोटी कोणती ते आकड्यावरून कळतं. ६.८ वरून ६.८.१ म्हणजे छोटी. तिच्यात सुरक्षा आणि दुरुस्त्याच असतात. ६.८ वरून ६.९ म्हणजे मोठी, जरी आकडा एकानेच सरकला तरी. छोट्या आवृत्त्या २०१३ मध्ये आलेल्या ३.७ पासून आपोआप होतात. मात्र २०२० च्या डिसेंबरमध्ये ५.६ आली तेव्हापासून नव्याने टाकलेल्या वर्डप्रेसमध्ये मोठ्या आवृत्त्याही आपोआप व्हायला लागल्या. तुमची साइट त्यानंतरची असेल तर अपडेट्सच्या पानावर वरच एक लिंक सापडेल, फक्त देखभालीच्या आणि सुरक्षेच्या आवृत्त्या आपोआप घेण्याची. साइटवर दुकान किंवा बुकिंग असेल तर ती दाबा. वाचनालयाच्या साइटवर मी मोठ्या आवृत्त्याही आपोआपच ठेवल्यात, कारण तिथे सूचना, पुस्तकांची यादी आणि वेळापत्रक एवढंच आहे.

आता प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जादा सोयी जोडणारे छोटे प्रोग्रॅम. खरा विचार इथेच करावा लागतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ५.५ पासून प्लगिनच्या यादीत प्रत्येक नावासमोर ऑटो अपडेट चालू-बंद करायची सोय आहे. सगळी नावं निवडून एकदम चालू करू नका. एकेका प्लगिनपाशी थांबून स्वतःला विचारा: हे रात्रीत बिघडलं, तर मला कशावरून कळेल?

चाचांच्या साइटवर फोटो लहान करणारं एक प्लगिन आहे. ते बिघडलं तर फोटो नीट दिसणार नाहीत. उघडल्या उघडल्या लक्षात येईल, आणि तोवर कुणाचं काही जाणार नाही. ते आपोआप होऊ दे. पण त्यांचा ऑर्डरचा फॉर्म वेगळा. तानपुरा घेणारा माणूस स्वर कोणता, लांबी किती, कुठे पाठवायचा हे सगळं त्यात लिहितो. अपडेटनंतर फॉर्म दिसतोय तसाच दिसेल, बटणही दाबलं जाईल, ‘धन्यवाद’सुद्धा येईल, आणि ईमेल मात्र चाचांपर्यंत पोचणार नाही. ऑर्डर का येत नाहीत हे कळायला महिना जाईल. जे गुपचूप बिघडतं ते आपल्या हातानेच अपडेट करायचं. फॉर्म, पैसे घेणारं प्लगिन, दुकान चालवणारं वूकॉमर्स, बुकिंग, आणि अख्खी पानं ज्याच्यावर उभी आहेत तो पेज बिल्डर, ही सगळी त्याच गटातली.

२०२४ च्या जुलैत आलेल्या ६.६ पासून एक चांगली सोय झाली आहे. ऑटो अपडेटमुळे साइट पूर्ण कोसळत असेल तर वर्डप्रेस ते प्लगिन आपणहून जुन्या आवृत्तीवर परत नेतं. मात्र ते फक्त कोसळणं ओळखतं. न पोचलेलं ईमेल किंवा चुकलेला जीएसटी त्याला कळत नाही.

हाताने करायच्या अपडेटसाठी आठवड्यातला एक वार नेमा. माझा मंगळवार, दुपारी जेवणानंतरचा. शनिवारी रात्री करू नका. अडलं तर होस्टिंगवाले आणि प्लगिनवाले दोघंही भेटायला हवेत. प्लगिनच्या बदलांच्या टिपणात सुरक्षेचा उल्लेख दिसला तर मात्र मंगळवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी करायचं. अण्णांकडे नव्या हळदीचा हंगाम चालू असतो तेव्हा मी वर्डप्रेसची मोठी आवृत्ती घेत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या काळातही चालूच.

बसण्याआधी बॅकअप. दोन गोष्टींचा घ्यायचा: फाइलींचा आणि डेटाबेसचा, म्हणजे मजकूर आणि ऑर्डरी जिथे साठतात त्याचा. बरेच जण फक्त फाइली ठेवतात, आणि अडतात ते इथेच. वूकॉमर्ससारखं प्लगिन मोठ्या अपडेटनंतर ‘डेटाबेस अपडेट करा’ असं सांगतं. ते बटण दाबलं की आतल्या तक्त्यांची रचना बदलते. मग प्लगिनची जुनी आवृत्ती परत टाकली तरी तिला नवी रचना समजेलच असं नाही. जुना डेटाबेस परत आणावा, तर मधल्या वेळात आलेल्या ऑर्डरी पुसल्या जातात. म्हणून अण्णांची साइट अपडेट करताना मी बॅकअप आणि अपडेट यांच्यात वेळ जाऊ देत नाही, लगेच तपासते, आणि परत जायचं की नाही ते त्याच बैठकीत ठरवते. दोन दिवसांनी मागे जायची वेळ आलीच तर आधी नव्या ऑर्डरींची यादी बाहेर काढून ठेवायची.

बॅकअप त्याच सर्व्हरवर पडून राहिला तर सर्व्हरबरोबर तोही जाईल. दुकानातल्या कॉम्प्युटरवरची एकच प्रतही पुरेशी नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तळमजल्यावरच्या वह्या, कपाटं, कॉम्प्युटर सगळं पाण्यात गेलेलं आम्ही पाहिलंय. एक प्रत क्लाउडवर ठेवा, आणि एक हार्ड डिस्कवर घेऊन ती नदीपासून लांबच्या घरी ठेवा. आणि बॅकअप परत बसतोय का, हे अडचण येण्याआधी एकदा करून बघा. होस्टिंगवर एक सबडोमेन, म्हणजे आपल्याच पत्त्याखालचा उपपत्ता, काढून तिथे साइटची प्रत उभी करा. ही प्रत पुढे अपडेट आधी तपासून बघायलाही उपयोगी पडते. तिच्यावर दोन गोष्टी विसरू नका: ‘वाचन’ सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना मनाई करा, आणि ईमेल व पैसे घेणं बंद करा, नाहीतर खऱ्या गिऱ्हाइकांना दुहेरी निरोप जातील.

वाचनालयाची एक वेगळीच अडचण होती. सगळं चालू असूनही अपडेट होतच नव्हते. वर्डप्रेसची आपोआप होणारी कामं घड्याळावर चालत नाहीत. कुणी साइट उघडली की त्या निमित्ताने ती चालतात. वाचनालयाच्या साइटला फार कुणी येत नाही, आणि जे येतात त्यांना कॅशमधलं, म्हणजे आधीच साठवून ठेवलेलं, तयार पान मिळतं, त्यामुळे आतलं वर्डप्रेस जागं होत नाही. यावर उपाय म्हणजे होस्टिंगच्या पॅनेलमधून खरा क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारं काम, लावायचा, दर १५ मिनिटांनी वर्डप्रेसची क्रॉन फाइल चालवणारा. तो लागला की कॉन्फिग फाइलमध्ये वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन बंद करा. नंतर ‘साइट हेल्थ’ उघडून पार्श्वभूमीवरच्या अपडेटबद्दल तक्रार दिसत नाही ना, ते पाहा.

उबुंटू ही लिनक्स सिस्टिम असलेला स्वतःचा सर्व्हर घेतला असेल तर तिथली सुरक्षेची अपडेट सहसा आपोआप होतात, पण गरज पडल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करायचं काम मूळ सेटिंगमध्ये बंद असतं. ते चालू करताना घड्याळ बघा. सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतो. तिथले पहाटेचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात. अण्णा तेव्हा मोबाइलवर साइट उघडून बसलेले असतात. आधी सर्व्हरची वेळ कोलकात्याची (तिथे भारतीय वेळेचं नाव हेच असतं) करा, मग पहाटेची वेळ द्या.

वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची आवृत्ती कधीच आपोआप बदलू देऊ नका. आधी प्लगिन, मग वर्डप्रेस, शेवटी पीएचपी, आणि तेही प्रतीवर तपासून.

अपडेट झाल्यावर साइट नुसती उघडून बघणं पुरत नाही. गिऱ्हाईक करतं ते करा. मी मोबाइलच्या डेटावरून, लॉगिन न करता चाचांचा फॉर्म भरते, नावाच्या जागी ‘तपासणी’ लिहिते आणि चाचांना फोन करते. “आलं बेटा,” म्हणाले की पुढचं काम. अण्णांच्या साइटवरच्या दुकानात एक पाकीट टोपलीत टाकून पैसे भरायच्या पानापर्यंत जाते. तानपुऱ्यांच्या आवाजाचे नमुने वाजतात का, तेही ऐकते.

आणि साइट बंदच पडली तर? पांढरं पान किंवा गंभीर चुकीचा संदेश दिसला तर आधी ईमेल पाहा. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस दोषी प्लगिनचं नाव आणि आत शिरायची खास लिंक पाठवतं. ती एक दिवस चालते. पण हे ईमेल जातं ते प्रशासकाच्या पत्त्यावर, आणि पुष्कळ ठिकाणी तो पत्ता कधीकाळी साइट बनवून देणाऱ्याचाच राहिलेला असतो. आजच ‘सामान्य’ सेटिंगमध्ये जाऊन तो बदला. लिंक आली नाही तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगिनच्या फोल्डरमध्ये जा आणि शेवटी अपडेट झालेल्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला. ते प्लगिन बंद होतं, त्याचा डेटा तसाच राहतो. ‘देखभाल चालू आहे’ हाच संदेश अडकून बसला असेल तर दहा मिनिटं थांबा. तरी गेला नाही तर लपवलेल्या फाइली दाखवायची सोय चालू करून मुख्य फोल्डरमधली ‘मेंटेनन्स’ नावाची फाइल काढून टाका.

शेवटी, लाल आकडा दिसत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. लेखकाने सोडून दिलेल्या प्लगिनला अपडेट येतच नाही, आणि मुदत संपलेल्या लायसन्सच्या प्लगिनलाही बहुधा मिळत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक प्लगिनच्या पानावर शेवटच्या अपडेटची तारीख बघा. दोन वर्षं हललेलं नसेल तर पर्याय शोधायला लागा. वापरात नसलेलं प्लगिन नुसतं निष्क्रिय करून ठेवू नका, त्याच्या फाइली सर्व्हरवर तशाच राहतात. ते पुसून टाका. हे सगळं मी एका साध्या वहीत लिहिते: तारीख, प्लगिनचं नाव, कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर, काय तपासलं. वाचनालयातल्या ताईंनीही आता त्यांच्या साइटसाठी तशीच वही घातली आहे, आणि दर मंगळवारची नोंद त्या स्वतः करतात.