नवीन देशात आलात? मग फोनबद्दल हे आधी वाचा

मला इथे येऊन बरीच वर्षं झाली. नवीन माणूस आला की घर कसं शोधायचं, बँकेत खातं कसं उघडायचं हे सगळे सांगतात पण फोनवरच्या फसवणुकीबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून लिहितोय. तुमचे आईबाबा सोबत असतील तर त्यांनाही वाचून दाखवा.

मी आलो त्याच्या तिसऱ्याच आठवड्यात एक फोन आला. समोरच्याला माझं पूर्ण नाव माहीत, बोलणं अगदी साहेबासारखं, म्हणे तुमच्या व्हिसाच्या कागदांत गडबड आहे, आजच्या आज दंड भरा नाहीतर केस होईल, आणि फोन ठेवायचा नाही, कोणाला सांगायचं नाही. मग म्हणाला दुकानात जाऊन गिफ्ट कार्ड घ्या आणि मागचा नंबर खरवडून मला वाचून दाखवा. मी खरंच गेलो हो. हातात कार्ड, कानाला फोन, आणि काउंटरवरच्या बाईंनी हळूच विचारलं, "हे कोणी फोनवरून घ्यायला सांगितलंय का?" तेव्हा कुठे मी फोन कट केला.

आपण नवीन असतो, इथलं सरकारी ऑफिस पत्र पाठवतं की फोन करतं तेच माहीत नसतं, त्यात व्हिसाचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं. दंड गिफ्ट कार्डाने भरायला कुठलंच सरकार सांगत नाही. स्क्रीनवर ऑफिसचा खरा नंबर दिसला तरी विश्वास ठेवू नका, तो खोटा दाखवता येतो. सरळ फोन ठेवा, ऑफिसच्या वेबसाइटवरून नंबर घ्या आणि स्वतः लावा. बँकेचं असेल तर तुमच्या बँकेच्या कार्डाच्या मागे त्यांचा फोन नंबर असतो.

ओटीपी आपण स्वतः टाकायचा असतो, कोणाला सांगायचा नसतो, बँकवाल्यालाही नाही. व्हॉट्सॲपवर मित्राचा मेसेज येतो, "चुकून माझा सहा आकडी कोड तुझ्याकडे आलाय, पाठव ना", तर बहुतेक वेळा मित्राचं अकाउंट आधीच चोरीला गेलेलं असतं आणि तो कोड तुमच्या अकाउंटचा असतो. आजच व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'अकाउंट' हा भाग उघडा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन, म्हणजे त्या कोडशिवाय वेगळा विचारला जाणारा गुप्त आकडा, लावून टाका.

जुन्या सिमचं तर फार जण विसरतात. मायदेशातला नंबर रिचार्ज न करता बंद पडला की काही काळाने तो दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे! म्हणून आधी बँक आणि ईमेलमध्ये नंबर बदला, मगच सिम सोडा.

लिंकचं म्हणाल तर पत्ता शेवटाकडून वाचायची सवय लावा. 'तुमचीबँक डॉट कॉम डॉट मदतकेंद्र डॉट नेट' असं असेल तर ती साइट मदतकेंद्र डॉट नेटवाल्याची, बँकेचा काही संबंध नाही. काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप दिसतं त्याचा अर्थ एवढाच की मधल्या मधे कोणी वाचू शकत नाही, पण साइट चोराचीच असेल तर? कुलूप त्यालाही फुकट मिळतं.

पासवर्ड ईमेलचा तरी वेगळा आणि लांब ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द चालतील. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून घरात ठेवा, सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि न बघितलेल्या घराचं डिपॉझिट फोटो बघून पाठवू नका, मालक कितीही गोड बोलला तरी.

एवढं करूनही पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, त्याच मिनिटाला बँकेला फोन लावा, मग पोलिसात तक्रार करा. नंतर "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा" म्हणत कोणीतरी येईल, तोही बऱ्याचदा त्याच टोळीतला असतो, त्याला एक पैसा देऊ नका.