पाकात साखर किती, हे वजनावरून कसे काढावे

उन्हाळ्याच्या सरबतासाठी करून ठेवलेला पाक टिकणार की आंबणार, हे त्यातल्या साखरेच्या प्रमाणावर ठरते. कृतींमध्ये बहुधा उकळण्याचे तापमान दिलेले असते: साधारण ६५ टक्के साखरेचा पाक १०४ अंश सेल्सियसला उकळतो. पण हा आकडा समुद्रसपाटीचा. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते. थर्मामीटरवर १०४ दिसेपर्यंत आपला पाक गरजेपेक्षा बराच घट्ट झालेला असतो. घनतेचा उंचीशी असा संबंध नाही, म्हणून मला ती जास्त भरवशाची वाटते.

अरुंद गळ्याची काचेची बाटली आणि वजनकाटा एवढेच लागते.

१. कोरडी, रिकामी बाटली तोला. गळ्यावर खूण करा.

२. खुणेपर्यंत पाणी भरून तोला. रिकाम्या बाटलीचे वजन वजा करा.

३. बाटली पूर्ण वाळवून त्याच खुणेपर्यंत पाक भरा आणि तसेच वजन काढा. पाक पूर्ण गार झालेला हवा आणि बुडबुडे निघून गेलेले हवेत. गरम पाक पसरतो, त्यामुळे घनता कमी येते आणि साखर कमी असल्याचा भास होतो.

४. पाकाच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागा. ही सापेक्ष घनता. पाणी आणि पाक एकाच तापमानाला तोलले, तर मे महिन्यातल्या उकाड्याचाही हिशेबावर फारसा परिणाम होत नाही.

आता ही घनता साखरेच्या टक्केवारीशी (वजनी) जुळवा: ४० टक्के म्हणजे १.१७९, ५० म्हणजे १.२३२, ६० म्हणजे १.२८९, ६५ म्हणजे १.३१९.

समजा पाणी १०० ग्रॅम आणि पाक १२६ ग्रॅम भरला. घनता १.२६०. ती ५० आणि ६० टक्क्यांच्या मधली आहे. ५० टक्क्यांपासूनचे अंतर ०.०२८, दोन आकड्यांमधले अंतर ०.०५७, म्हणजे साधारण अर्धी वाट. साखर ५५ टक्के.

इथे एक चूक सर्रास होते. ५५ टक्के म्हणजे लिटरला ५५० ग्रॅम, असे धरले जाते. ते बरोबर नाही. ही टक्केवारी वजनाची आहे आणि एक लिटर पाकाचे वजनच सुमारे १,२५५ ग्रॅम आहे. त्याचे ५५ टक्के काढले की लिटरमागे साधारण ६९० ग्रॅम साखर येते.

काट्याकडेही लक्ष द्या. १०० मिलिलिटरच्या बाटलीत एका ग्रॅमची चूक झाली तर उत्तर जवळपास दोन टक्क्यांनी हलते. घरचा काटा पूर्ण ग्रॅमच दाखवत असेल, तर अर्ध्या लिटरची बाटली घ्या.

ही रीत फक्त साखर आणि पाणी असलेल्या पाकालाच लागू पडते. लिंबूरस, मीठ मिसळले की घनता कशाने वाढली ते कळत नाही. इंदूरच्या शिकंजीला तर ती मुळीच चालणार नाही. त्या दाट पेयात दूध आणि सुकामेवाही असतो.

५५ टक्क्यांचा पाक जास्त दिवस टिकत नाही. तो ६५ वर न्यायचा असेल, तर १ किलो पाकातली ५५० ग्रॅम साखर तशीच राहणार, फक्त पाणी उडणार. ५५० भागिले ०.६५ म्हणजे ८४६. पातेल्यासकट तोलत राहा आणि १५४ ग्रॅम कमी झाले की गॅस बंद करा. ६७ टक्क्यांपुढे मात्र जाऊ नका. गार झाल्यावर तळाशी खडे धरू लागतात.