अरबी-अरामीत प्रेम व्यक्त करताय? या चुका टाळा

मराठीत ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ म्हटलं की बोलणारा पुरुष आहे हे कळतं. समोर कोण, याचा पत्ता लागत नाही. अरबीत नेमकं उलटं. बोलणारा कुणीही असो, ‘उहिब्बु’ तेच राहतं. बदलतो तो शेवटचा ‘तू’. पुरुषाला म्हणायचं तर ‘उहिब्बुका’, बाईला ‘उहिब्बुकि’. आपल्या सवयीनं ‘मी पुरुष, म्हणून पुरुषाचं रूप’ असं धरलंत की पहिल्याच पावलाला ठेच.

लिहिताना मात्र हा फरक दिसत नाही, कारण अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. म्हणजे अंगठीवर कोरलेली चार अक्षरं दोघांनाही चालतील. फजिती होते ती मोठ्यानं म्हणताना. शिवाय ही झाली पुस्तकी भाषा. कार्डावर शोभते, फोनवर बातम्या वाचल्यासारखी वाटते. कैरोत बाईला ‘बहिब्बिक’ म्हणतात, पुरुषाला ‘बहिब्बक’. कुवेत-इराककडे बाईला ‘अहिब्बिच’. आधी माणूस कुठलं ते विचारा, मग वाक्य शोधा.

देवनागरीत लिहून पाठ करणाऱ्यांचा घात ‘क’ करतो. ‘क़ल्बी’ म्हणजे माझं हृदय; यातला क़ पार पडजिभेपाशी उमटतो. आपला साधा क लावून ‘कल्बी’ म्हणालात तर अर्थ होतो ‘माझा कुत्रा’! कैरो-बैरूतच्या बोलीत क़ गिळून ‘अल्बी’ म्हणतात. क़ जमत नसेल तर तेच म्हणा, कुत्रा तरी टळेल. ‘हबीबी’ म्हणजे ‘माझ्या प्रिया’; त्याचं स्त्रीरूप ‘हबीबती’. पण गाण्यांत बाईलाही सर्रास हबीबी म्हणतात, त्यामुळे ती चूक खपून जाते.

गझला ऐकून जान, दिल, यार हे शब्द अरबी समजून वापरू नका. ते फारसी आहेत. मोहब्बत आणि इश्क मात्र मूळचे अरबीच.

आता छपाई. अरबी उजवीकडून डावीकडे आणि जोडून लिहितात. पण अरबीची सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की अक्षरं सुटी होतात आणि उलट्या क्रमानं बसतात. ओळखीतल्या एकाच्या लॉकेटवर तेच झालं. सोनाराचा तरी काय दोष, त्याला काय कळणार? खूण सोपी आहे: ‘उहिब्बुका’ लिहिलेलं असेल तर अगदी उजवीकडे डोक्यावर छोटं चिन्ह असलेली उभी रेघ, म्हणजे अलिफ, एकटी हवी, पुढची तीन अक्षरं एकमेकांना जोडलेली हवीत. चारही सुटी दिसली तर कोरू देऊ नका.

अरामी म्हणजे अरबीचीच नातलग, पश्चिम आशियातली प्राचीन भाषा. तिच्यात घोळ वाढतो, कारण ती एकच भाषा नाही. केरळच्या सीरियन ख्रिस्ती चर्चमधल्या उपासनेची सिरियॅक हे तिचंच एक रूप. त्यात बोलणारा आणि ऐकणारा, दोघांचंही लिंग बघावं लागतं. पुरुष बाईला म्हणेल ‘राहेम-ना लेख’, बाई पुरुषाला ‘राहमा-ना लाख’. ‘लेख’च्या शेवटी एक ‘य’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. अरबीत बोललेलं लिहीत नाहीत, इथे लिहिलेलं बोलत नाहीत! यातला धातू ‘र-ह-म’ आपल्या ओळखीचा आहे. अरबीत त्याचा अर्थ दया, सिरियॅकमध्ये प्रेमही. म्हणून अरबी कोश बघून अरामी वाक्य जुळवू नका. आणि आजही अरामीचंच एक रूप बोलणारे असिरियन लोक हा धातू बाजूला ठेवून वेगळ्याच क्रियापदानं बोलतात: पुरुष बाईला ‘कि बायिन्नाख’ म्हणतो, बाई पुरुषाला ‘कि बायान्नुख’.