दिवस गेलेत? आधी अंगणवाडीत नाव घाला

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला निघतं, आणि फडावरून परत आलेल्या बायकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "ताई, नाव घालायचं राहूनच गेलं बघा." नाव घालणं अवघड नाही, पण ते वेळेत लागतं.

पहिल्यांदा एक गोष्ट सुटी करून घ्या. अंगणवाडीतून मिळणारा आहार वेगळा आणि बाळंतपणाचे सरकारी पैसे वेगळे.

आहारासाठी अर्ज-बिर्ज काही नसतो. बाई गरोदर असेल, बाळंत होऊन सहा महिने झाले नसतील, किंवा घरात सहा महिने ते सहा वर्षांचं मूल असेल, तर अंगणवाडीत नाव लागतं. रेशनकार्ड पिवळं का केशरी, हे त्यासाठी कुणी विचारत नाही. कितवं मूल, हेही नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं दिलेला हा हक्क आहे, सेविकेची मेहेरबानी नव्हे. गरोदर आणि स्तनदा मातेला दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं जास्तीची मिळावीत, असा हिशेब धरलेला असतो. तीन वर्षांखालच्या लेकरांचा आणि आयांचा आहार घरी न्यायचा, तीन वर्षांपुढची मुलं अंगणवाडीत बसून जेवतात. घरी नेलेलं पाकीट सगळ्यांच्या नाश्त्यात संपवू नका. सासूबाईंना वाईट वाटलं तरी चालेल, ते तुमच्या वाट्याचं आहे.

येताना आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन या. आता आहार देताना बाईचा चेहरा पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर, जुळवावा लागतो आणि नोंद करताना ओटीपी येतो. निम्म्या घरांत तो नंबर नवऱ्याचा असतो आणि नवरा शेतात. मग मी इकडून फोन करते, तो तिकडून आकडे सांगतो, तोवर ओटीपीची मुदत संपते. त्यापेक्षा त्या दिवशी नवऱ्याकडून फोन मागून घ्या. बाळाचं आधार निघालं नसेल तर अडत नाही, आईच्या आधारवर काम होतं.

आता पैसे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात. ३,००० गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी झाल्यावर, बाकीचे २,००० बाळाची जन्मनोंद होऊन साडेतीन महिन्यांपर्यंतचे लसीचे डोस पुरे झाल्यावर. दुसरं मूल मुलगी झाली तर ६,००० रुपये एकदम. हे मात्र सगळ्यांना नाही. अन्न सुरक्षेचं किंवा दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, किसान सन्मानची नोंद, जातीचा दाखला (अनुसूचित जाती-जमातीसाठी) किंवा आठ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, यांसारखं एक काहीतरी लागतं. एकच पुरतं. एवढ्यासाठी तहसीलला हेलपाटे घालण्याआधी ट्रंकेतलं ई-श्रम कार्ड शोधा, तोडणीला जाणाऱ्या बऱ्याच जणींनी ते काढलेलं असतं. सरकारी नोकरीत कायम असलेल्या बाईला ही योजना नाही.

फॉर्म आशाताईकडं किंवा सेविकेकडं भरून मिळतो. पोर्टलवर स्वतःही भरता येतो, पण मी म्हणेन ताईकडूनच भरा, कारण पाळीची तारीख आणि आरसीएच नंबर (गरोदरपणाच्या नोंदीचा सरकारी नंबर) तिच्याच वहीत असतो.

पाळीच्या तारखेवरच सगळं चालतं. आपल्याकडं तीन महिने कुणाला सांगायचं नाही असं असतं. गावाला सांगू नका, पण आशाताईला सांगा. पहिली तपासणी सहा महिन्यांच्या आत झालेली लागते. पहिल्या बाळाचा अर्ज शेवटच्या पाळीपासून ५७० दिवसांत आणि दुसऱ्या मुलीचा जन्मापासून २७० दिवसांत गेला पाहिजे. म्हणजे दोन्हीकडं बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत. पोट पडलं असेल तर पुढच्या वेळी नव्यानं अर्ज करता येतो, हेही बऱ्याच जणींना माहीत नसतं.

फॉर्म अडतात ते नावापायी. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, माता-बाल संरक्षण कार्डावर नुसतंच "सौ. अमुक". लग्न झालं की आधी आधार दुरुस्त करा, मग त्याच नावानं बाकीचं. नवीन नाव करायचं नसेल तर सगळीकडं जुनंच ठेवा, माझं काही म्हणणं नाही, पण सगळीकडं एकच ठेवा. पैसे पासबुकाची झेरॉक्स पाहून येत नाहीत, आधारला जे खातं जोडलंय तिथं जातात. लाडक्या बहिणीचे पैसे ज्या खात्यात पडतात तेच ते खातं. "आलेच नाहीत" म्हणून भांडायच्या आधी ते एकदा तपासा. कितीतरी वेळा पैसे माहेरच्या गावच्या विसरलेल्या खात्यात पडून असतात.

पहिलं बाळंतपण माहेरी. मग नोंद कुठं? जिथं दिवस गेल्याचं कळलं तिथं करून टाका. माता-बाल कार्ड पिशवीत घालून माहेरी न्या, तिथल्या अंगणवाडीत दाखवा, आहार तिथं चालू होतो. आरसीएच नंबर तोच राहतो, नवीन काढायचा नाही.

तोडणीला जातानाही तसंच. निघायच्या आधी मला सांगून जा, म्हणजे पोषण ट्रॅकरवर तुमची नोंद तिकडं वळवता येते. कोप्या (तोडणीवाल्यांच्या झोपड्या) जिथं पडल्यात तिथली जवळची अंगणवाडी मुकादमाला विचारा, त्याला माहीत नसेल तर गावातल्या आशाताईला. "तुम्ही बाहेरचे" म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका. सेविकांच्या वरच्या मुख्यसेविकेचा नंबर मागा, आणि तिथंही नाही झालं तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या नावानं दोन ओळींचा अर्ज लिहा आणि त्याची पोच घ्या. पोच मागितली की काम हलतं.

लेकरू सहा महिन्यांपुढचं असेल तर तिथं त्याच्या दंडाला पट्टी लावून घेर मोजून घ्या. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं, किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. अशा लेकराला जादा आहार आणि औषध दोन्ही मिळतं. एक दिवसाची तोड बुडाली तर बुडू द्या, कोयत्याचा हिशेब नंतर मुकादमाशी करता येईल.