सूपच्या बरणीचं झाकण बसत नव्हतं, तेव्हा

फ्रीजरमध्ये उरलेलं चिकन-मटण साठलं की मी त्याचं भाज्या घालून सूप करते आणि बरण्यांत टिकवते. काही झाकणं मात्र घट्ट बसतच नव्हती. कारण निघालं चरबी. काठावर तिचा पुसटसा थर राहिला तरी झाकण धरत नाही. आता रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते, वर गोठलेला पिवळट थर काढते, सूप पुन्हा उकळून गरमच भरते. निम्मे तुकडे, निम्मा रस्सा, वर इंचभर मोकळी जागा. काठ व्हिनेगरने पुसते. शेवया, भात, मैदा, क्रीम खायच्या वेळीच घालायचं. भरलेल्या बरण्या नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून भागवू नका हो! बॉट्युलिझम, म्हणजे जीवघेणी अन्नविषबाधा, करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू त्याने मरत नाहीत. प्रेशर कॅनरच हवा, म्हणजे बंद बरण्या दाबाखालच्या वाफेत तापवायचं खास भांडं: अर्ध्या लिटरला ६० मिनिटं, लिटरला ७५, समुद्रसपाटीपासून उंचावर राहत असाल तर दाब वाढवायचा.